दगडी फायरप्लेसमधला गॅस इन्सर्ट: कडेची फट दर हिवाळ्यात परत का उघडते आणि काय करायचं

मंडळी, जुनं दगडी घर घेतलेल्या ओळखीच्यांकडून दर वर्षी थंडी पडायला लागली की हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. प्रश्न साधारण असा असतो. फायरप्लेस दगडाची, त्यात गॅस इन्सर्ट, म्हणजे जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी गॅसची शेगडी, बसवून घेतला, ज्वाला छान दिसते, खोली गरम होते, पण इन्सर्टच्या भोवतीची जी काळी लोखंडी चौकट असते ना, सराउंड म्हणतात ती, ती दगडाला धड टेकत नाही, कुठे बोटभर फट तर कुठे दीड इंच, आणि इन्सर्ट बंद असला की तिथून गार वारा पायाला लागतो. बसवणारा माणूस येतो, ट्यूबमधून कॉकिंग, म्हणजे फटी बुजवायचा मऊ लगदा, भरतो, दिसायला झकास होतं, जानेवारी संपेस्तोवर ते तडकतं, पुढच्या वर्षी परत फोन आणि परत ट्यूब.

मी जे लिहितोय ते मुख्यतः अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या आसपासच्या घरांबद्दल, म्हणजे चेस्टनट हिल, माउंट एअरी, मेन लाइनची उपनगरं, जिथे घरंच्या घरं विसाहिकन शिस्ट नावाच्या करड्या चमचमत्या दगडाची आहेत. पण न्यू इंग्लंडमध्ये शेतातले गोटे रचून केलेल्या फायरप्लेस असोत की कॅनडातल्या असोत, तत्त्व तेच. फक्त एक बघून घ्या, तुमची फायरप्लेस खरोखर दगड-विटांची बांधलेली आहे का, की आत कारखान्यात बनवलेला पत्र्याचा डबा आणि बाहेरून नुसती दगडाची पातळ कातळी चिकटवलेली. आत वाकून बघितलं की कळतं. पत्र्याचा डबा असेल तर त्याच्या आजूबाजूला लाकडी चौकटी असतात आणि अंतराचे नियम पार वेगळे, मग खालचं काहीही डोळे झाकून करू नका, आधी त्या डब्याची आणि इन्सर्टची दोन्ही माहितीपुस्तकं काढा.

आता मुद्दा. लोक याला एक प्रॉब्लेम समजतात आणि तिथेच गाडी अडते. हे दोन प्रॉब्लेम आहेत. चौकट आणि दगड यातली फट हा दिसण्याचा प्रॉब्लेम. गार हवा हा चिमणीच्या घशाचा, म्हणजे फायरप्लेसच्या वर चिमणी सुरू होते त्या अरुंद भागाचा, प्रॉब्लेम. हवा त्या फटीतून खोलीत येते हे खरं, पण ती तिथे तयार होत नाही, ती वरून येते. चिमणी जर घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल, आणि या भागात बऱ्याच घरांत तशीच असते, तर इन्सर्ट बंद झाला की काही तासांत सगळा दगड गारठतो, आतली हवा थंड आणि जड होते आणि खाली उतरते. तुम्ही पुढची फट बुजवली तर ती हवा दुसरी वाट शोधणार, इन्सर्टच्या पोटाखालून, पंख्याच्या जाळीतून, राख पाडायच्या जुन्या झाकणातून. म्हणजे पुढे कितीही ट्यूबा रिकाम्या करा, वारा काही थांबत नाही.

आणि कॉकिंग तडकतं का, तर त्याचंही कारण साधं आहे. चौकट स्टीलची, साधारण एक मीटर रुंद. इन्सर्ट चालू असताना ती समजा ऐंशी अंश सेल्सियसने तापली तर स्टीलच्या हिशोबाने ती जवळजवळ एक मिलिमीटर वाढते, बंद केली की परत आखडते. शेजारचा दगड तेवढ्या वेळात जेमतेम कोमट झालेला असतो, तो जागचा हलत नाही. म्हणजे त्या सांध्यात रोज संध्याकाळी एकदा ढकलाढकली आणि रात्री एकदा ओढाताण. फर्नेस सिमेंट भरलं तर ते कडक असतं, ते पहिल्याच महिन्यात भेगाळतं. सिलिकॉन जरा जास्त टिकतं कारण ते ताणलं जातं, पण शिस्टच्या पृष्ठभागावर बारीक अभ्रक आणि वर्षानुवर्षांची काजळी असते, त्याला ते धड चिकटतच नाही, पापुद्र्यासकट सुटून येतं. स्प्रे फोमचं तर नावच काढू नका. तो जळतो. तो नारिंगी फोम मिळतो त्यावर फायर असं काहीतरी लिहिलेलं बघून लोक फसतात, पण तो भिंतीतल्या वायरी-पाइपांच्या भोकांसाठी आहे, तापणाऱ्या उपकरणाला चिकटून वापरायचा नाही.

सगळ्यात आधी हवा नक्की कुठून येते ते शोधा. इन्सर्ट बंद करून पूर्ण गार होऊ द्या, गॅसचा जरासुद्धा वास नाही ना याची खात्री करा, पायलट, म्हणजे मोठा बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, सतत पेटता राहणारा असेल तर तोही बंद करा, आणि मग एक उदबत्ती लावून चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. किचनचा एक्झॉस्ट किंवा बाथरूमचा पंखा चालू ठेवला तर घरातली हवा बाहेर खेचली जाते आणि वारा जास्त स्पष्ट कळतो. धूर खोलीकडे ढकलला जात असेल तिथे गळती. बहुतेक वेळा काय दिसतं की कडेच्या मोठ्या फटीपाशी धूर जेवढा हलतो तेवढाच खालच्या जाळीपाशीही हलतो, आणि ते बघितलं की माझं वरचं म्हणणं पटेल. वारा फक्त एका कोपऱ्यातच असेल तर मात्र तिथे दगडाच्या दरजेतला चुना निघालेला असू शकतो, ती दरज भरून घेतली की काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही.

घशाचं काम कसं असतं ते सांगतो. मोकळ्या चिमणीत इन्सर्ट बसवताना वरपर्यंत अॅल्युमिनियमचे लवचिक पाइप, म्हणजे लायनर, सोडतात. सीलबंद काचेचा डायरेक्ट व्हेंट इन्सर्ट असेल तर दोन लायनर, बहुतेक मॉडेलांना तीन-तीन इंचाचे, एकातून बाहेरची हवा ज्वालेसाठी खाली येते आणि दुसऱ्यातून जळलेला वायू वर जातो. जुना डॅम्पर, म्हणजे चिमणीचा घसा उघडायचं-बंद करायचं झाकण, एक तर काढून टाकतात नाहीतर उघडा ठेवून पक्का करतात, कारण तो लायनरवर पडला तर काम तमाम. आता डॅम्परचं ते लांबट तोंड मोठं आणि लायनर लहान, मग उरलेली जागा कोणी बुजवायची? तिथेच बहुतेक बसवणारे हात वर करतात. खरं तर तिथे पत्र्याचं एक झाकण यायला हवं, लायनरपुरती भोकं पाडलेलं, कडांना जास्त तापमानाचं सिलिकॉन, आणि पत्र्याच्या वर मिनरल वूल म्हणजे ते दगडी लोकरीचं इन्सुलेशन. ग्लासवूल नाही, कागद चिकटवलेलं तर नाहीच नाही. मिनरल वूल हजार अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही आणि हाताने फाडून खडबडीत दगडाच्या खाचाखोचांत बसवता येतं, दगडी चिमणीला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पण एक लक्षात ठेवा, लोकर घशात भरायची, इन्सर्टच्या अंगाभोवती नाही. बऱ्याच जणांना वाटतं की मागे-बाजूला जागा रिकामी आहे तर कोंबा. इन्सर्टच्या बाहेरच्या कवचाभोवती हवा खेळायला हवी, खालून खोलीची हवा आत जाते आणि तापून वरून बाहेर येते, तो रस्ता बंद केला तर इन्सर्ट नको तेवढा तापतो आणि सेफ्टी स्विच त्याला बंद पाडतो. मग तुम्ही नवाच प्रॉब्लेम घेऊन बसाल.

अडचण अशी की इन्सर्ट एकदा आत बसला की घशापर्यंत हात पोचत नाही. तो ओढून बाहेर काढायचा, म्हणजे गॅस सोडवायचा, लायनर सोडवायचे, दोन माणसं लागतात, परत जोडून गळती तपासायची. एवढं करण्यापेक्षा ट्यूब मारणं सोपं. म्हणून वर्षानुवर्षं ट्यूबच चालू राहते. यात कोणाचा फार दोष काढण्यात अर्थ नाही, पण तुम्ही अजून इन्सर्ट बसवून घेतलेला नसेल तर कोटेशन घेतानाच विचारा की डॅम्परला झाकण पत्र्याचं बसवणार का आणि ते कागदावर लिहून देणार का. जो माणूस हे ऐकून गोंधळतो त्याला काम देऊ नका. आणि आधीच बसलेला असेल तर एकदा पैसे मोजून इन्सर्ट बाहेर काढून हे करून घ्या. उन्हाळ्यात करा, तेव्हा ही माणसं रिकामी असतात, नोव्हेंबरात फोनसुद्धा उचलत नाहीत.

त्याच वेळी चिमणी साफ आणि तपासून झालीय का बघा. अमेरिकेत एनएफपीए २११ या मानकाप्रमाणे इंधन किंवा उपकरण बदललं की चिमणीची लेव्हल टू तपासणी करायची असते, म्हणजे कॅमेरा सोडून आतून बघायचं. लाकूड जाळून चिमणीत साठलेला डांबरासारखा थर तसाच ठेवून वरून लायनर सोडले की जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घरभर ओल्या राखेसारखा वास सुटतो आणि लोक इन्सर्टला शिव्या देतात. इन्सर्टचा काही संबंध नसतो. राख पाडायचं झाकण फायरबॉक्सच्या, म्हणजे आग जळते त्या पोकळीच्या, तळाला असेल तर तेही याच वेळी बंद करून टाका, ते थेट तळघरात नाहीतर बाहेर उघडतं.

घसा बंद झाला की पुढची फट फक्त दिसण्यापुरती उरते, आणि मग तिच्याकडे शांत डोक्याने बघता येतं.

आधी मोजमाप. दगडाच्या तोंडाला एकच माप नसतं, रुंदी वरती वेगळी, खाली वेगळी, मागे तर निमुळती, मागची भिंत वर जाताना पुढे झुकलेली. त्यामुळे रुंदी तीन ठिकाणी, उंची डावी-उजवी-मध्ये, खोली तळाला आणि इन्सर्टच्या डोक्याच्या उंचीला, असं सगळं मोजा आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरा, इन्सर्टच्या पुस्तकात कमीत कमी जागा दिलेली असते तिच्याशी ताडून बघा. मग चार फुटी लेव्हलपट्टी तोंडाच्या दोन्ही बाजूंना उभी आणि वरती आडवी धरून बघा की कुठला दगड सगळ्यात पुढे आलाय आणि कुठला सगळ्यात आत आहे. हा फरक हाच तुमचा खरा आकडा. पुष्कळदा दोन किंवा तीनच दगड उगाच पुढे आलेले असतात आणि चौकट त्यांच्यावर टेकून ओबडधोबड फरशीवरच्या पाटासारखी डुगडुगत असते. खडूने त्या दगडांवर खुणा करा.

फरक अर्ध्या इंचापर्यंत असेल तर फार काही करायचं नाही. लाकडाच्या शेगडीच्या दाराला लावतात तो फायबरग्लासचा काळा दोर मिळतो, पाऊण किंवा एक इंच जाडीचा, तो चौकटीच्या मागच्या कडेला चिकटवा आणि चौकट बसवा. दोर दबतो, दगडाच्या खाचेत शिरतो, आणि काळा असल्यामुळे सावलीत दिसतच नाही. दोर फक्त चौकटीला चिकटवायचा, दगडाला नाही. चौकट वाढली-आखडली की दोर दगडावरून सरकतो, तडकायला काही नसतंच. आणि दर वर्षी सर्व्हिसिंगला चौकट काढावी लागते तेव्हा सहज निघते. कॉकिंगने दगडाला चिकटवलेली चौकट काढताना टेक्निशियन पेचकस घालून ओढतात आणि दगडाचा टवका नाहीतर चौकटीचा रंग, दोन्हीपैकी एक जातं.

अर्ध्या इंचापासून दीडेक इंचापर्यंत फरक असेल तर दोर एकटा पुरत नाही. तिथे चौकटीच्या कडेला एल आकाराची पत्र्याची पट्टी लावायची, जिचा एक पाय चौकटीला स्क्रूने आणि दुसरा पाय मागे दगडाकडे, आणि हा मागचा पाय दगडाच्या चढउताराप्रमाणे कापलेला. यालाच खरी मेहनत लागते आणि मला विचाराल तर दगडी फायरप्लेसला याच्याइतकं नेटकं दुसरं काही दिसत नाही. चौकट जागेवर तात्पुरती बसवा, पातळी बघून टेकू लावा. मग कडेला जाड पुठ्ठ्याची पट्टी दगडाला जमेल तेवढी भिडवून धरा, भूमितीचा कंपास घ्या, तो फटीतल्या सगळ्यात मोठ्या अंतराएवढा उघडा, टोक दगडावरून फिरवत न्या आणि पेन्सिल पुठ्ठ्यावर रेघ मारत जाईल. कंपास फिरवताना आडवाच धरा, तो दगडाच्या वळणाबरोबर वळला की रेघ चुकते. पुठ्ठा कापा, परत लावून बघा, जिथे अडतो तिथे तासा. पुठ्ठा बरोबर बसल्याशिवाय पत्र्याला कात्री लावू नका. पत्रा वीस गेजचा पुरतो, पत्रा कापायच्या कात्रीने कापला जातो, कडा कानशीने घासा, उष्णता सोसणारा काळा स्टोव्ह पेंट मारा, आणि दगडाकडच्या कडेला बारीकसा दोर. ज्यांना हे जमत नाही त्यांनी पुठ्ठ्याचा साचा एखाद्या पत्र्याचं काम करणाऱ्याला नेऊन द्यावा, तो तासाभरात करून देईल. काही कंपन्या मापानुसार मोठी चौकट किंवा मागची पट्टी बनवूनही देतात, ऑर्डर करायच्या आधी विचारा, कारण एकदा इन्सर्ट आला की मग वेगळी चौकट मागवायला जास्त वेळ जातो.

दगड घासायचा पर्याय लोकांना फार आवडतो, विशेषतः ज्यांच्याकडे नवा ग्राइंडर आलेला असतो. दोन-तीनच दगड पुढे असतील आणि अर्ध्या इंचाच्या आतलं घासायचं असेल तर जरूर करा, पण छिन्नी-हातोडा नको. आपल्या सह्याद्रीतला काळा बेसाल्ट साधारण एकजीव असतो, त्याला चांगला पाथरवट हवा तिथे फोडतो. शिस्टचं तसं नाही, त्याच्यात थर असतात आणि थरांमध्ये अभ्रक, छिन्नीचा एक घाव चुकीच्या कोनात बसला की अख्खा पापुद्रा सुटतो आणि फट होती त्यापेक्षा मोठी होते. ग्राइंडरला डायमंडचं कप व्हील लावा आणि हळूहळू घासा. धूळ भयंकर उडते आणि ती साधी धूळ नाही, दगडातलं क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, फुप्फुसात बसली की निघत नाही. पाणी मारत किंवा व्हॅक्यूमचं आवरण लावून घासा, चांगला रेस्पिरेटर घाला, रुमाल बांधून भागत नाही, आणि खोलीला प्लॅस्टिकचा पडदा लावा. तोंडाच्या वरच्या दगडाला, जो आडवा भार घेतो त्याला, हात लावू नका. त्याच्याखाली लोखंडी अँगल असेल तर त्यालाही नाही. घासलेली जागा आधी फिकट दिसते, हळूहळू मळते.

तोंडाभोवती मॉर्टरची सपाट पट्टी ओढून त्यावर चौकट टेकवणं हाही एक उपाय म्हणून सांगतात. होतं, टिकतंही. पण शंभर वर्षांच्या दगडाला सिमेंटची करडी किनार, आणि ती परत काढताना दगडाचं तोंड जातं. मी तरी कोणाला सुचवत नाही. त्यापेक्षा लहान मापाचा इन्सर्ट घेऊन चौकट दगडाच्या पुढे न लावता तोंडाच्या आत बसवा, दगड पूर्ण मोकळा दिसतो. तिथेही कडा वरच्या पुठ्ठ्याच्या पद्धतीने कापाव्या लागतात पण आतल्या सावलीत सगळं खपून जातं.

इन्सर्ट स्वतः डुगडुगत असेल तर ते वेगळं. दगडी तळ कधीच सपाट नसतो, म्हणून इन्सर्टला खाली चार लेव्हलिंग बोल्ट असतात, ते वापरायचे. बोल्ट पुरत नसतील तर खाली स्टीलच्या पट्ट्या, लाकडाची पाचर कधीच नाही, ती उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जाते आणि अशा लाकडाला आग लागायला मग फारशी उष्णता लागत नाही. पंखा चालू केला की घुंईंई असा आवाज चौकटीतून येत असेल तर एक तर बोल्ट टेकलेला नाही, नाहीतर चौकटीचा पत्रा एखाद्या दगडाला नुसता शिवतोय. दोर लावला की तो आवाज गप्प बसतो. चालू-बंद करताना टक टक येते ती मात्र लोखंड तापण्याची आहे, तिच्यासाठी कोणाला बोलवू नका.

आता एक दुसरं लक्षण जे या दगडी घरांत बऱ्याचदा फटीबरोबरच येतं, आणि लोकांना त्याचा संबंध लागत नाही. इन्सर्ट पेटतो, पाच-दहा मिनिटं छान चालतो, मग ज्वाला निळसर आणि अस्थिर होते, बर्नरवरून उचलल्यासारखी दिसते आणि विझते. परत पेटवा, परत तेच. टेक्निशियन येऊन थर्मोपाईल, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेवर थोडी वीज तयार करणारा भाग, बदलून जातो, फरक शून्य. असं होत असेल तर ज्वालेला ताजी हवा मिळत नाहीये. कारण बहुतेकदा तीनपैकी एक. एक, वरती कॅपला, म्हणजे चिमणीच्या टोकावरच्या टोपीला, दोन लायनर उलटे जोडलेत, म्हणजे हवा यायच्या पाइपातून धूर जातोय. दोन्ही लायनर दिसायला सारखे, खाली-वर खूण केली नसेल तर हे अगदी सहज होतं. दोन, अरुंद ओबडधोबड फायरबॉक्समध्ये इन्सर्ट शेवटचे चार-सहा इंच रेटताना लायनर घशातल्या टोकदार दगडावर दाबला गेला, चेपला किंवा फाटला. तीन, लायनर इन्सर्टच्या कॉलरवरून निसटला आणि जळलेला वायू परत हवेच्या पाइपात खेचला जातोय. तिन्ही गोष्टी मागे अंधारात, तुम्हाला दिसणार नाहीत. हे स्वतः उघडायचं काम नाही. बंद करा आणि माणूस बोलवा, पण त्याला हे नक्की सांगा की विझण्याआधी ज्वाला कशी दिसते, शक्य असेल तर फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, त्याचा अर्धा तास वाचतो.

याच्या उलट, मिलिव्होल्टवर चालणाऱ्या जुन्या प्रकारच्या इन्सर्टमध्ये नॉब सोडला की पायलटच टिकत नसेल, किंवा पायलट असतो पण मोठा बर्नर लागतच नाही, तर तो थर्मोकपल-थर्मोपाईलचा किंवा घाणीचा विषय आहे, चिमणीचा नाही. आणि फक्त जोराचा वारा सुटला की विझतो असं असेल तर आधी कॅप बघायला सांगा. गॅसचा दाबही एकदा मॅनोमीटरने मोजून घ्यायला हरकत नाही, नॅचरल गॅसवर बर्नरकडे साधारण साडेतीन इंच वॉटर कॉलम आणि प्रोपेनवर दहा इंच असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा इन्सर्टच्या प्लेटवर लिहिलेला असतो.

काय स्वतः करायचं आणि काय नाही याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोजणं, पुठ्ठा कापणं, चौकट, दोर, रंग, हे घरी करा. गॅसची पाइप, लायनर, कॅप, आणि इन्सर्ट बाहेर काढणं हे परवानावाल्याकडून. मॅसॅच्युसेट्समध्ये तर गॅसचं काम लायसन्स असलेल्या प्लंबर किंवा गॅसफिटरनेच करायचं असा नियमच आहे. पेन्सिल्वेनियात प्लंबरचं राज्यभर चालणारं लायसन्स नसतं, ते ज्या त्या गावाचं, त्यामुळे टाउनशिपला फोन करून परमिटचं विचारा, आणि फायरप्लेसवाला एनएफआय म्हणजे नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचा सर्टिफाइड आहे का तेही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ असायलाच हवा, उदबत्ती लावायच्या आधी त्याची बॅटरी बघा. गॅसचा वास आला तर काही शोधत बसू नका, दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

काचेबद्दल थोडं, कारण घरात लहान मुलं असतात. २०१५ पासून अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे ज्या इन्सर्टची काच १७२ अंश फॅरनहाइटच्या वर तापते त्याच्यापुढे जाळी द्यावीच लागते. चौकट काढून घालताना ही जाळी अडते म्हणून लोक बाजूला ठेवतात आणि ती तळघरातच राहते. शोधून परत लावा.

लाकडी मँटेल, म्हणजे फायरप्लेसच्या वरची फळी, असेल तर नवीन पट्टी लावल्यावर चौकट किती पुढे आली ते बघून मँटेलपर्यंतचं अंतर परत मोजा, पुस्तकात तक्ता असतो, मँटेल जितका पुढे तितका तो वर असावा लागतो. इंचभर पुढे आलेली चौकट हे गणित बदलू शकते.

आणि फायरबॉक्सच्या आत एक छोटी धातूची पट्टी बसवलेली दिसेल, तिच्यावर लिहिलेलं असतं की ही फायरप्लेस गॅस इन्सर्टसाठी बदललेली आहे आणि परत लाकूड जाळण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यावी. ती भंगार समजून काढू नका, दगड घासताना तिच्यावर ग्राइंडर फिरवू नका. डॅम्पर काढलेला आहे हे पुढच्या मालकाला तिच्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.